रजेवरचा बाबा आणि दीड वर्षाचं लेकरू



सातारा-सांगलीच्या पट्ट्यात गावोगावी एखादं तरी घर फौजीचं असतंच. साताऱ्याजवळच्या आपशिंग्याला तर लोक ‘आपशिंगे मिलिटरी’ असंच म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. आपल्या वस्त्यांचं फौजेशी नातंही जुनंच. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत झाला, वडील रामजी फौजेत सुभेदार होते. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. आज तिचं केंद्र मध्य प्रदेशात सागरला आहे, आणि तिथून येणाऱ्या फोनची वाट बघणारी घरं आपल्या गल्लीतही आहेत.

सीमेवरच्या जवानाबद्दल २६ जानेवारीला भाषणं होतात. त्याच्या मागं राहिलेल्या घराबद्दल या पानावर बोलू. आम्ही वस्तीत आरोग्याच्या कामानं फिरतो तेव्हा फौजीची बायको लगेच ओळखू येते. पहाटे नळाला पाणी यायच्या आधी ती उठलेली असते. लेकरू काखेत, सासूबाईंची बीपीची गोळी पदराला बांधलेली, बँकेचं काम तिचंच, रेशनचं तिचंच, दवाखान्याचंही तिचंच. रात्री नवऱ्याचा फोन येईल म्हणून मोबाईल चार्ज करून उशाशी. जवानाची वार्षिक रजा ६० दिवसांची, वर थोडी किरकोळ रजा. तीही तुकड्या-तुकड्यांनी मिळते. म्हणजे दीड वर्षाच्या लेकरानं बापाला जन्मापासून मोजून चार-पाच महिने पाहिलेलं असतं. हे दिवस कसे घालवायचे, यावर लेकराची तब्येत, आईची तब्येत आणि बापलेकाचं नातं अवलंबून आहे.

बाबाला बघून लेकरू रडलं तर

बाबा सहा महिन्यांनी दारात येतो, हात पसरतो आणि लेकरू किंकाळी फोडून आईच्या मानेला चिकटतं. घरातले हसतात, शेजारीण म्हणते, “बाप वळखंना व्हय रं!” बापाचं तोंड मात्र उतरतं. यात कुणाचाच दोष नाही. आठव्या-नवव्या महिन्यापासून दोन वर्षांपर्यंत मूल अनोळखी माणसाला घाबरतं. आपलं माणूस कोण आणि परकं कोण हे त्याला कळू लागल्याची ती खूण आहे.

अशा वेळी लेकरू हिसकावून घेऊ नका. बाबानं खाली जमिनीवर बसावं, म्हणजे तो लेकराच्या उंचीचा होतो. वाटी, चमचा, चेंडू, काहीही घेऊन त्यानं आपापलं खेळत बसावं. लेकरू आपणहून जवळ येतं. पहिले दोन दिवस आईच्या मांडीवरच ठेवून बाबानं एक-एक घास भरवावा. मग आंघोळ, मग झोपवणं. आठवड्यात लेकरू त्याच्या पाठीवर बसलेलं दिसेल.

रजा संपते तेव्हा दुसरी चूक होते. लेकरू झोपलेलं असताना बाबा गुपचूप निघून जातो. उठल्यावर ते घरभर शोधतं. मग रात्री दचकून उठणं, जेवण सोडणं, आईला क्षणभरही न सोडणं असं काही दिवस चालतं. म्हणून सांगून निघा. “बाबा कामाला चाललाय, फोनवर बोलंल” एवढं बोलून, मुका घेऊन निघा. रडलं तर रडू द्या. नंतर फोन रोज ठरलेल्या वेळी झाला तर लेकराला त्याचा आधार होतो. पण कळतं झालं पाहिजे ते बोलणं आणि चेहरा. जेवताना मोबाईलवर गाणी लावून देणं ही वेगळी गोष्ट, ती टाळा.

लसीचं कार्ड ट्रंकेच्या तळाशी नको

फौजीच्या लेकराला लहानपणीच दोन-तीन घरं होतात. कधी फॅमिली क्वार्टर, कधी सासर, कधी माहेर. या जा-ये मध्ये सगळ्यात आधी हरवतं ते लसीचं कार्ड. नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस झाली की घरचे सुटल्यासारखे होतात, आणि नेमकी दीड वर्षाची लस राहते. १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, त्रिगुणी लसीचा बूस्टर आणि पोलिओचा बूस्टर असतो. जीवनसत्त्व ‘अ’चा डोस नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी द्यायचा असतो.

लष्करी दवाखान्यात लस दिली तरी नोंद त्याच कार्डावर करून घ्या. कार्डाचा फोटो आईच्या आणि बाबाच्या, दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. लस चुकली असेल तर “आता काय उपयोग” म्हणून घरी बसू नका. राहिलेल्या ठिकाणापासून पुढं देता येते, सगळं पहिल्यापासून करावं लागत नाही. गावात आशाताईंना लसीकरणाचा वार विचारा, सरकारी लस फुकट आहे. आणि या वेळी लेकराला घेऊन बाबानं जावं. सुई टोचताना बाबाच्या मांडीवर बसलेलं लेकरू रडतं आणि त्याच्याच कुशीत गप्पही होतं.

फिरायला निघताना

रजेत फिरणं आलंच. साताऱ्यात अजिंक्यतारा, चार भिंती, पावसाळ्यात ठोसेघर. कऱ्हाडला प्रीतिसंगम, आणि जखिणवाडीजवळची आगाशिवची बौद्ध लेणी. सांगलीत आमराई, कृष्णेचा घाट, थोडं लांब सागरेश्वरची हरणं. दीड वर्षाच्या लेकराला यातलं नाव-गाव काही लक्षात राहणार नाही. त्याला दगड उचलायला, पानं तोडायला, बापाचं बोट धरून पायऱ्या चढायला आवडतं. म्हणून एका दिवसात एकच ठिकाण धरा. सकाळी लवकर निघा, बाराच्या आत सावलीला या. आगाशिवची चढण लेकरू घेऊन उन्हात चढू नका, आणि वर पाणी मिळेल या भरवशावर राहू नका. घाटावर आणि धबधब्यापाशी लेकराचा हात एकाच मोठ्या माणसानं धरायचा, हे आधी ठरवा. दहाजण बरोबर असले की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय.

गाडीचं सांगायलाच हवं. आपल्याकडे लेकरू टाकीवर बसवून, मागं बायको, अशी मोटारसायकल सुसाट जाते. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालवणाऱ्याशी बांधणारा सुरक्षा पट्टा आणि मुलाच्या मापाचं हेल्मेट हवं, वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको, असा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. हे जमत नसेल तर एसटी बरी. बायकांना तिकीट निम्मं आहे, पाच वर्षांखालच्या लेकराला तिकीटच नाही.

खाऊची पिशवीही नीट बघा. सांगलीचा माणूस भडंगाशिवाय निघत नाही, पण भडंगातला शेंगदाणा लहान लेकराच्या श्वासनळीत अडकतो. अख्खं द्राक्ष, फुटाणे, गोळी, चिंचोका यांचं तसंच. शेंगदाण्याचं बारीक कूट चालेल, द्राक्ष उभं चिरून द्या. चालत्या गाडीत, हसता-खेळता भरवू नका. अडकलंच आणि लेकराला खोकताही येईना, तर तोंडात आंधळेपणानं बोट घालू नका. वर्षाच्या वरच्या लेकराला पुढं वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहातानं पाच जोरदार थापा द्या. निघालं नाही तर मागून मिठी घालून, बेंबीच्या वर मूठ ठेवून आत-वर असे पाच झटके द्या. आलटून-पालटून करत राहा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा.

सुभेदारांच्या लेकरांची तहान

प्रवास आणि पाणी म्हटलं की आपल्याला एक प्रवास आठवतोच. रामजी सुभेदार निवृत्त झाल्यावर कुटुंब दापोली करून साताऱ्याला आलं. तिथं १८९६ साली आई भीमाबाई गेल्या. मीराआत्यांनी लेकरं सांभाळली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, ‘भिवा रामजी’ची नोंद झाली. दुसऱ्याच वर्षी, वडील खटाव तालुक्यात नोकरीला असताना, ही लेकरं त्यांना भेटायला मोठ्या हौसेनं नवे कपडे घालून आगगाडीनं मसूरला उतरली. जात कळल्यावर गाडीवाला मिळेना. दुप्पट भाडं देऊन बैलगाडी मिळाली. बरोबर डब्यात जेवण होतं, पण रात्रभर वाटेत प्यायला पाणी कुणी दिलं नाही. भाकरी असूनही लेकरं उपाशी झोपली. बाबासाहेबांनी हा प्रसंग पुढं स्वतः लिहून ठेवला.

फौजीच्या घरची ही लेकरं होती, बापाला भेटायला निघाली होती. आज आपल्याला पाणी घेऊन निघता येतं, म्हणून ते घेतल्याशिवाय निघू नका. मिरजेहून, साताऱ्याहून उत्तरेकडच्या गाडीत दीड-दोन दिवस काढायचे असतात. घरचं उकळून गार केलेलं पाणी, वाटी-चमचा आणि ओआरएसची चार पाकिटं वेगळ्या पिशवीत, हाताशी ठेवा. अंगावर पिणारं लेकरू असेल तर दूध चालूच ठेवा.

जुलाब लागले तर एक पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात एकदम कालवा, अर्ध्या पाकिटाचा अंदाज नको. दोन वर्षांखालच्या लेकराला प्रत्येक पातळ शीनंतर पाव ते अर्धा कप, चमच्या-चमच्यानं द्या. ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सावकाश सुरू करा. कालवलेलं पाणी २४ तासांनी फेकून द्या. सहा महिन्यांवरच्या लेकराला झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी १४ दिवस द्यायची, जुलाब थांबले तरी. खाणं बंद करू नका. डोळे खोल गेले, लेकरू मलूल पडलं, पीत नाही, सगळं ओकतं, शीतून रक्त पडतं, सहा-आठ तास लघवी नाही किंवा झटके आले, तर वाट बघू नका, दवाखाना गाठा.

आईची तब्येत आणि पाळणा

रजा म्हटलं की आणखी एक गोष्ट येते, जी बायका आम्हाला दाराआड नेऊन विचारतात. नवरा सहा महिन्यांनी येतो, रोजची गोळी खाणं तेवढ्यासाठी नको वाटतं, आणि पहिलं लेकरू अंगावर पीत असतानाच दुसरं राहतं. भीमराव हे भीमाबाईंचं चौदावं अपत्य होतं. त्या काळच्या बाईच्या हातात काही नव्हतं. आज आहे. दोन लेकरांत तीन वर्षांचं अंतर ठेवा. सरकारी दवाखान्यात ‘छाया’ गोळी (पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा), तीन महिन्यांनी घ्यायचं ‘अंतरा’ इंजेक्शन, तांबी आणि निरोध हे सगळं फुकट मिळतं. कुठलं आपल्याला चालेल ते नर्सताईंकडून तपासून घ्या. तो येण्याच्या आधीच तयारी हवी. निरोध वापरणं हे तर त्याचंच काम.

आणि भाऊ, तुमच्याशीही थोडं. कॅन्टीनची बाटली घेऊन मित्र गोळा करणं आणि लेकरू झोपल्यावर घरी येणं, यात साठ दिवस कधी सरतात कळत नाही. वर्षभर एकटीनं घर ओढलेल्या बाईला रजेत पाहुणा नको असतो. तिला दुपारची दोन तास झोप हवी असते, हिमोग्लोबिन तपासायला जायला वेळ हवा असतो.

रजेच्या पहिल्या आठवड्यातली कामं

१. लसीचं कार्ड शोधा, राहिलेली लस बाबानं नेऊन द्यावी.

२. अंगणवाडीत लेकराचं वजन-उंची करून घ्या.

३. आईचं हिमोग्लोबिन तपासा, पाळणा लांबवण्याचं ठरवा.

४. लष्करी दवाखान्यासाठी बायको-लेकराची नोंद आणि कार्ड झालंय का बघा. ईसीएचएस ही निवृत्तांची योजना आहे, नोकरीत असताना ती लागू नाही. शंका असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.

५. घरात ओआरएस आणि झिंक ठेवा, १०८ नंबर भिंतीवर लिहा.

६. एक सकाळ फक्त बाबा आणि लेकरू. आईनं त्या वेळी झोपावं.