भिंत ओली, कायदा कोरडा

जून तोंडावर आला की नाशिक महापालिकेच्या नोटिसा निघतात. तांबट लेन, भद्रकाली, पंचवटी ही दरवर्षीची नावं छापून येतात. वाडा धोकादायक आहे, रिकामा करा, नाहीतर जबाबदारी तुमची. ऑगस्ट 2018 मध्ये तांबट लेनमधला जुना वाडा कोसळून दोघांचा जीव गेला. तेव्हापासून ही बातमी वाचताना नाशिककर जरा सावरून बसतो.

मला मात्र त्या बातमीच्या आधीची गोष्ट छळते. महापालिका अधिनियमाच्या कलम 264 खाली नोटीस मिळते ती पडायला आलेल्या भिंतीला. पण कुठलीच भिंत एका रात्रीत पडायला येत नाही. आधी कौलातून किंवा पत्र्याच्या सांध्यातून पाणी झिरपतं, मग गिलावा फुगतो, भिंतीला लोणा धरतो, विटांमधल्या दर्जा सुटतात आणि भिंतीत शिरलेलं तुळईचं टोक कुजतं. याला वर्षं लागतात. तेवढी वर्षं आत राहणारा भाडेकरू घरमालकाला सांगतच असतो, ‘घर गळतंय हो.’ या सांगण्याला कायद्यात किंमत किती? शोधायला गेलो तेव्हा जे सापडलं ते वाड्यांपुरतं नव्हतं. पाथर्डी फाट्यापासून मखमलाबादपर्यंतच्या फ्लॅटमध्ये भाड्यानं राहणाऱ्यांचाही प्रश्न तोच आहे, फक्त उलटा.

आधी माझी भिंत. इंदिरानगरात तिसऱ्या मजल्यावर, गच्चीखालच्या फ्लॅटमध्ये आम्ही भाड्यानं राहत होतो. जुलैत एके दिवशी महिना उलटावा म्हणून कालनिर्णय खिळ्यावरून काढायला गेलो, तर ते निघेना. मागचं पान भिंतीला चिकटलं होतं. ओढल्यावर कागदाबरोबर रंगाचा पोपडाही आला आणि मागं हिरवट-काळी बुरशी दिसली, ताटाएवढी. घरमालकांना फोन केला. काका स्वभावानं वाईट नव्हते. म्हणाले, “अहो, पावसाळा आहे, ओल यायचीच. दिवाळीला रंग मारून देतो.” शब्द पाळला त्यांनी. दिवाळीला रंगारी आला, भिंत गुलाबी झाली. पुढच्या जुलैत बुरशी गुलाबी रंगातून वर आली, आधीच्याच जागी, थोडी मोठी होऊन.

त्या वर्षी रंगारी नको म्हटलं आणि पंचवटीतल्या एका मिस्त्रींना बोलावलं. आयुष्यभर वॉटरप्रूफिंगच केलेला माणूस. त्यांनी डागाकडे धड बघितलंही नाही, आल्या पावली गच्चीवर गेले. त्यांचं म्हणणं असं की ओल जिथं दिसते तिथली नसते. आमच्या डागाचं मूळ चार हात लांब निघालं, गच्चीच्या कठड्याला फरशी जिथं भिडते त्या कोपऱ्यात. गोलाई फुटली होती आणि पावसाचं पाणी कोब्याखाली शिरून उतार मिळेल तिकडे चाललं होतं. खाली बसून दहा वेळा रंग मारला असता तरी वरच्या पाण्याला त्याचा पत्ता लागणार नव्हता.

त्यांनी शिकवलेल्या तीन खुणा इथं देतो. माझ्या मते घरमालकाशी बोलायला तोंड उघडण्याआधी प्रत्येक भाडेकरूनं त्या बघाव्यात. पहिली, प्लास्टिकची. हातभर चौकोनी प्लास्टिकचा कागद डागावर लावा, चारही कडा चिकटपट्टीनं बंद करा आणि दोन दिवस विसरून जा. भिंतीकडच्या बाजूला थेंब धरले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला धरले तर ती खोलीतलीच वाफ आहे, म्हणजे बंद खिडक्या, आत वाळत घातलेले कपडे, पंखा नसलेलं स्वयंपाकघर. दुसरी खूण उंचीची. जमिनीपासून कमरेपर्यंत पट्टा ओला आणि वर पांढरी पूड, तर ओल जमिनीतून चढतेय. जुन्या वाड्यांत आणि तळमजल्यांवर हे दिसतं. तिसरी महिन्यांची. पावसाळ्यातच ओलं होणारं छत गच्चीकडे बोट दाखवतं. मार्चमध्येही ओलं असेल तर वरच्यांची मोरी बघा. तिथली जाळी बंद करून बोटभर रंगीत पाणी दिवसभर साठवलं की खाली उत्तर मिळतं.

एवढा खटाटोप कशाला? कारण पाणी कुठून येतं यावर खर्च कुणाचा हे ठरतं. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची, बाहेरचे सामाईक पाइप आणि पावसाच्या पाण्याची गळती यांची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चानं व्हायची असते. वरच्या मोरीचा खर्च वरच्या मालकाचा. इमारतीचा ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील आणि दोष बांधकामाचा असेल, तर रेरा कायद्याच्या कलम 14 नुसार बिल्डरनं कळवल्यापासून 30 दिवसांत फुकट दुरुस्ती करायची असते. आतल्या भिंतीतला पाइप घरमालकाचा. आणि वाफ असेल तर खिडकी आपण उघडायची. यात मेख अशी की सोसायटीकडे सभासदानं जायचं आणि रेराकडे फ्लॅट घेणाऱ्यानं. ज्याच्या उशाशी पाणी ठिबकतं त्याला सर्वसाधारण सभेत तोंड नाही. आमच्या काकांना सोसायटीला एक पत्र लिहायला लावायला मला एक अख्खा पावसाळा लागला.

आता कायद्याकडे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 चा, तो 31 मार्च 2000 पासून लागू आहे. त्याचं कलम 14 वाचून पहिल्यांदा आनंदच होतो. उलट करार नसेल तर जागा राहण्याजोगी, दुरुस्त ठेवायला घरमालक बांधील आहे. भाडेकरूनं किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यायची. तरीही वाजवी वेळेत दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरूनं स्वतः काम करून घ्यायचं आणि खर्च भाड्यातून वळता करायचा. हिशेब आणि पावत्या भाडेकरूनं ठेवल्या असतील तर त्या घरमालकावर बंधनकारक. अट एकच: वर्षभरात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त नको.

या एक चतुर्थांशात सगळं पाणी मुरलंय. जुन्या वाड्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या भाडेकरूचं भाडं महिना 100 रुपये धरा. वर्षाचे 1,200, त्याचा चौथा हिस्सा 300. एवढ्यात सिमेंटची एक गोणी येत नाही, मिस्त्रीची हजेरी तर लांबच. हक्क कागदावर शाबूत आहे, पण त्यानं छपराचं एक कौल बदलत नाही.

आता पाथर्डी फाट्यावरचा फ्लॅट घ्या, भाडं 12,000. वर्षाचे 1,44,000, चौथा हिस्सा 36,000. गच्चीचा फुटका कोपरा आणि आतली भिंत यात नीट होते. पण या भाडेकरूच्या हातात असतो लिव्ह अँड लायसन्सचा करार, आणि कलम 14 मधला हक्क ‘भाडेकरू’ला दिलेला आहे. लायसन्सवर राहणारा या कायद्याच्या व्याख्येत भाडेकरूच नाही. त्याची मुदत संपली की जागा सोडावी लागते, त्यासाठी कलम 24 आहे, आणि ते घरमालकाच्या बाजूनं कडक आहे.

म्हणजे ज्याला हक्क आहे त्याचं भाडं दुरुस्तीला पुरत नाही आणि ज्याचं भाडं पुरतं त्याला हक्क नाही. पंधरा दिवसांची नोटीस लिहायला बसलेल्या कुणालाही ही गोम लगेच दिसते, मग कायदा करणाऱ्यांना पंचवीस वर्षांत कशी दिसली नाही, हे मला कळत नाही.

घरमालकांची बाजू नाही असं नाही. भाडी गोठवून ठेवणाऱ्या 1947 च्या मुंबई भाडे कायद्याबद्दल सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 1997 मध्ये, मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात, म्हटलं होतं की काळ बदलल्यामुळे त्यातल्या तरतुदी आता अवाजवी झाल्या आहेत. 1999 च्या कायद्यानं वर्षाला 4 टक्के वाढ दिली. शंभराचे एकशे चार झाले तर वाड्याचा मालक सागवानी तुळई कुठून आणणार? मुंबईच्या बेट शहरात जुन्या उपकरप्राप्त इमारतींसाठी म्हाडाचं दुरुस्ती मंडळ तरी आहे. नाशकात तसं काहीच नाही. गावठाणाच्या क्लस्टर विकासाची चर्चा ऐकत वाडे भिजत राहतात. आणि खरं सांगायचं तर काही मालकांना भिजलेलेच हवे असतात. वाडा पडला की मोकळी जागा उरते.

लायसन्सवर राहणाऱ्यांसाठी एक विसरलेलं कलम मात्र हाती लागलं. 1882 चा भारतीय सुविधाधिकार अधिनियम, कलम 57. वापरणाऱ्याच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका होईल असा जागेतला दोष मालकाला माहीत असेल आणि वापरणाऱ्याला नसेल, तर तो सांगणं मालकावर बंधनकारक आहे. ज्या भिंतीवर बटणांचा बोर्ड आहे तीच ओली होत असेल, तर हा दोष नाही तर काय? दिवाळीच्या रंगाखाली झाकलेली बुरशी मला त्याच यादीत घालावीशी वाटते.

केंद्रानं जून 2021 मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला. संरचनेची दुरुस्ती, पाइप बदलणं, भिंतींची रंगसफेदी हे मालकाकडे. नळाचे वॉशर, गटार साफ करणं, दिव्याची बटणं हे भाडेकरूकडे, अशी चक्क यादी त्यात आहे. मालकानं हात झटकले तर भाडेकरूनं काम करून घ्यावं आणि कोणत्याही महिन्यात निम्म्या भाड्यापर्यंत रक्कम कापावी. घर राहण्यालायक उरलं नाही तर पंधरा दिवसांच्या लेखी नोटिशीनं सोडून जावं. पण तो नुसता नमुना आहे. राज्यानं स्वीकारला तरच लागू, आणि महाराष्ट्रानं स्वीकारलेला नाही. ‘नवा भाडे कायदा आला’ असे जे मेसेज फिरतात, त्यांच्या भरवशावर कृपया भाडं कापू नका.

इंग्लंडमध्ये ही गोष्ट फार महागात पडल्यावर हलली. रॉचडेल गावात डिसेंबर 2020 मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा घरातल्या बुरशीमुळे श्वसनाच्या आजारानं गेला. वडील आधीपासून तक्रार करत होते. बुरशीवर रंग मारा, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. हे वाचताना मला आमची गुलाबी भिंत आठवली. आज तिथं त्याच्या नावानं कायदा ओळखला जातो. ऑक्टोबर 2025 पासून सामाजिक गृहनिर्माणातल्या घरमालकांना ओल-बुरशीच्या गंभीर तक्रारीची तपासणी कामाच्या दहा दिवसांत करावी लागते आणि तातडीचा धोका 24 तासांत दूर करावा लागतो. आपल्याकडे ओल म्हणजे ऋतू. ‘पावसाळा आहे, यायचीच.’

तोवर आपल्या हातात काय आहे? बोलणं कागदावर आणणं. फोनवरचं ‘बघतो’ कोर्टात सांगता येत नाही. फोटो काढा आणि मेसेज करून ठेवा, पण जुन्या भाडेकरूंनी कलम 14 ची नोटीस स्पीड पोस्टानं पाठवून पोच जपावी. राग आला तरी भाडं थांबवू नका. थकबाकी दिसली की भांडण गळतीचं राहत नाही, तुमचं होतं. महापालिकेच्या नोटिशीमुळे वाडा सोडावा लागला तर जागेचं मोजमाप आणि राहणाऱ्यांच्या यादीत आपलं नाव लेखी घेतल्याशिवाय किल्ली देऊ नका. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना आणि वर्षाला तीन लाखांपेक्षा कमी उत्पन्न असणाऱ्यांना तिथं मोफत मदत मिळते.

आणि करार नोंदवा. अकरा महिन्यांचा आहे म्हणून नोंदणी नको, हा गैरसमज महाराष्ट्रात चालत नाही. 1999 च्या भाडे कायद्याच्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्सचीही नोंदणी सक्तीची आहे आणि ती करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, आणि अटींबद्दल वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं.

बहुतेक छापील मसुद्यांत दुरुस्तीबद्दल एवढंच असतं की जागा आहे तशी ठेवायची आणि नुकसान भरून द्यायचं. गळतीचा ग नसतो. सही करण्याआधी एक वाक्य वाढवून घ्या: ‘छत, बाहेरची भिंत किंवा भिंतीतील पाइप यांतून गळती झाल्यास मालक लेखी कळवल्यापासून पंधरा दिवसांत दुरुस्ती करील, न केल्यास राहणाऱ्याने पावत्यांसह केलेला खर्च पुढील भाड्यातून वळता होईल.’ जो हक्क कायदा देत नाही, तो करारानं मिळू शकतो. एजंट कुरकुर करील, करू द्या.

घर बघायला शक्यतो पावसाळ्यात जा. ते जमलं नाही तर निदान भिंतीवरचं कॅलेंडर तेवढं उचलून बघा.