दंडावरची खूण आणि दोन प्रथिने



इब्रामपूरच्या या सभेत बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या दंडावर एक लहानसा वाटोळा व्रण असेल. बीसीजी लशीची ती खूण. क्षयाच्या घातक प्रकारांपासून बालकांचे रक्षण करणारी हीच लस क्षयसंसर्गाच्या निदानात मात्र घोटाळा करते. प्रयोगशाळेत घडविलेल्या दोन चिमुकल्या प्रथिनांनी तो घोटाळा कसा सोडविला, हे आज सांगावयाचे आहे.

रॉबर्ट कॉखने 1882 साली क्षयाचा जिवाणू जगापुढे ठेवला. त्यानंतर पाचच वर्षांनी, 1887 मध्ये, डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यात याच रोगाने गेल्या. शत्रूची ओळख पटली होती, शस्त्र हाती नव्हते. 1890 मध्ये कॉखने क्षयजिवाणूंच्या अर्कापासून ट्युबरक्युलिन काढले. औषध म्हणून ते फसले; परंतु संसर्ग झालेल्या माणसाच्या त्वचेत ते टोचले असता तेथे टणक गाठ उठते, असे दिसून आले. पुढे रूढ झालेली मांटू चाचणी ती हीच.

हा अर्क म्हणजे अनेक प्रथिनांची खिचडी होती. काल्मेट आणि गेरँ या फ्रेंच संशोधकांनी गुरांच्या क्षयजिवाणूला 1908 पासून 13 वर्षे, सुमारे 230 वेळा, नव्या पोषकद्रव्यावर वाढवून निरुपद्रवी केले व त्यापासून बीसीजी सिद्ध केली. साहजिकच या जिवाणूची बहुतेक प्रथिने मूळ क्षयजिवाणूसारखीच राहिली. म्हणून लस टोचलेल्याच्या हातावर गाठ उठली, तर ती रोगजंतूची की लशीची, हे कळावे कसे? घरात कुणाला क्षय झाला की शेजेच्या मुलांची तपासणी होते. निष्कर्ष चुकला तर निरोगी मुलाला कित्येक महिने औषध घ्यावे लागते.

उत्तर सापडले ते एका उणिवेत. त्या 13 वर्षांच्या वाढीत बीसीजीच्या जिवाणूने आपल्या जनुकद्रव्याचा एक तुकडा गमावला होता. 1996 मध्ये त्याचे स्वरूप स्पष्ट झाले. त्या तुकड्यात इसॅट-6 आणि सीएफपी-10 या प्रथिनांची जनुके आहेत. पहिल्यात 95 अमिनो आम्ले, दुसऱ्यात 100. रोगजंतूत ती आहेत, लशीत नाहीत.

परंतु क्षयजिवाणू वाढतो आठवड्यांच्या गतीने आणि तो हाताळणे धोक्याचे. तेव्हा संशोधक त्या प्रथिनाचे जनुक तेवढे उचलतात, प्लाझ्मिड नावाच्या वर्तुळाकार जनुकद्रव्यात जोडतात आणि ते ई. कोलाय या सहज वाढणाऱ्या जिवाणूत घालतात. मधुमेह्यांचे इन्शुलिन 1978 मध्ये याच युक्तीने प्रथम तयार झाले. अशा प्रथिनाला पुनःसंयोजित प्रथिन म्हणतात. पुष्कळदा त्याच्या टोकाला हिस्टिडीन या अमिनो आम्लाचे सहा मणी ओवतात. निकेल धातू त्यांना धरून ठेवतो आणि बाकीचा गाळ धुऊन जातो.

खरी कसोटी शुद्धतेची. ई. कोलायच्या बाह्यावरणातील अंतर्विषाचा अंश राहिला, तर रक्तपेशी त्यानेच चेतावतात आणि प्रयोगाचा निष्कर्ष खोटा ठरतो. (कित्येक तरुण संशोधकांचे महिने या एका अंशापायी वाया गेले असतील.) म्हणून डेन्मार्कच्या संशोधकांनी त्वचाचाचणीसाठी ही प्रथिने लॅक्टोकॉकस लॅक्टिस या जिवाणूत तयार केली. दूध आंबविणारा हा आपला जुना सोबती. त्यात ते अंतर्विष नसते.

हीच प्रथिने वापरणारी सायटीबी ही त्वचाचाचणी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने आणली आणि 2022 मध्ये तिला भारतात मान्यता मिळाली. सुई त्वचेत टोचतात, 48 ते 72 तासांनी गाठ मोजतात; 5 मिलिमीटर वा त्याहून मोठी असल्यास संसर्ग मानतात. रक्ताच्या नमुन्यात हीच प्रथिने मिसळून पेशींचा प्रतिसाद मोजण्याचीही पद्धत आहे. पण तिला सुसज्ज प्रयोगशाळा लागते.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही चाचणी संसर्ग सांगते, रोग नव्हे. शरीरात जंतू सुप्त असलेल्यांपैकी बहुतेकांना आयुष्यभर क्षय होत नाही. खोकला, ताप, वजनात घट असेल, तर थुंकीची तपासणी आणि क्ष-किरण चित्र यांना पर्याय नाही.