नर्सिंग होम की वृद्धाश्रम : कोलकात्यातील पारख

कोलकात्यात 'नर्सिंग होम' म्हणजे लहान खासगी रुग्णालय. बाळंतपण, पित्ताशयाची शस्त्रक्रिया किंवा डेंग्यूचा ताप यांसाठी माणूस तिथे दाखल होतो आणि बरा झाला की घरी येतो. म्हातारपणी कायमचे राहण्याच्या जागेला बंगालीतही 'वृद्धाश्रम' म्हणतात. काही घरे दोन्ही शब्द पाटीवर लावतात, त्यामुळे पारख पाटीपासूनच सुरू होते. उपचार देणाऱ्या संस्थेला पश्चिम बंगालच्या 2017 च्या क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायद्याखाली परवाना लागतो. केवळ निवास आणि भोजन देणाऱ्या वृद्धाश्रमाकडे तो असेलच असे नाही. परिचारिका, ऑक्सिजन, सलाइन यांचे आश्वासन मिळत असेल तर परवान्याची प्रत मागावी.

शहराला ही सोय नवी नाही. लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर या संघाने भारतातले आपले पहिले वृद्धगृह 1882 मध्ये इथेच उघडले. मदर तेरेसांनी 1952 मध्ये कालीघाटला सुरू केलेले 'निर्मल हृदय' मात्र मरणासन्न निराधारांसाठी होते. धर्मादाय, सशुल्क, चालत्याफिरत्यांसाठी, अंथरुणाला खिळलेल्यांसाठी असे या घरांचे प्रकार आहेत. चुकीच्या प्रकारचे घर निवडले, तर ते कितीही चांगले असले तरी उपयोग होत नाही.

म्हणून जागा पाहण्याआधी माणसाची गरज लिहून काढतात. अमेरिकी वैद्य सिडनी कॅट्झ यांनी 1963 मध्ये मांडलेली सहा कामांची यादी यासाठी आजही वापरली जाते : अंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावर ताबा आणि हाताने जेवणे. यांतले कोणते काम एकट्याने जमते आणि कशाला हात धरावा लागतो, हे कळले की किती माणसांची मदत लागेल तेही कळते. स्मृतिभ्रंश असेल तर रात्री उठून बाहेर जाण्याची सवय वेगळी नोंदवावी लागते.

पहिली भेट ठरवून होते. त्या वेळी कार्यालय, बाग, देवघर दाखवतात. पाहायच्या गोष्टी आतल्या खोल्यांत असतात : संडासात धरायला दांडा आहे का, उंबरा किती उंच आहे, पलंगाजवळची घंटा वाजवल्यावर कोण आणि किती वेळाने येते. लघवीचा जुना वास आणि त्यावर मारलेला फिनेल नाकाला लगेच कळतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर माकडहाड आणि टाचांवर बेडसोर पडतात. कूस बदलल्याची नोंदवही दाखवायला सांगावी. ती एकाच शाईत, एकाच बैठकीत भरलेली दिसली तर उत्तर मिळाले.

दुसरी भेट न सांगता, संध्याकाळी आठच्या सुमारास करावी. कोलकात्यात शुश्रूषेचा मोठा भार 'आया' वाहतात. त्या बऱ्याचदा 'आया सेंटर'मार्फत येतात आणि बारा-बारा तासांच्या पाळीत काम करतात. पाळी बदलताना एकीने दुसरीला काय सांगितले, औषधाचा डबा कोणाच्या हातात गेला, रात्री किती माणसांमागे एक आया उरते, हे तेव्हाच दिसते. कॅनिंग किंवा लक्ष्मीकांतपूर लोकलने येणाऱ्या आया वादळात, गाडी बंद असताना आणि दुर्गापूजेच्या चार दिवसांत पोहोचू शकत नाहीत. त्या दिवसांची पर्यायी व्यवस्था विचारावी.

शहराचे आणखी दोन प्रश्न आहेत. पहिला पाण्याचा. जोराच्या पावसानंतर अनेक गल्ल्यांत गुडघाभर पाणी साचते आणि रुग्णवाहिका आत येत नाही. जुलै-ऑगस्टमधल्या मोठ्या पावसानंतर एकदा तिथे जाऊन यावे. दुसरा आगीचा. 9 डिसेंबर 2011 च्या पहाटे ढाकुरियाच्या आमरी रुग्णालयात तळघरातून आग पसरली आणि सुमारे 90 जण मरण पावले, त्यांतले बहुतेक धुराने गुदमरून. उठू न शकणाऱ्यांना खाली कसे आणणार, दुसरा जिना मोकळा आहे का, खिडकीच्या गजाला कुलूप असेल तर किल्ली कुठे असते, हे प्रश्न म्हणूनच विचारायचे.

हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास उभारणाऱ्या या शहरातल्या मराठी कुटुंबांना एक जादा कसोटी लावावी लागते. आयुष्यभर बंगालीत व्यवहार केलेला माणूसही स्मृतिभ्रंशात लहानपणच्या भाषेकडे वळू शकतो. आयेला 'पाणी' समजते, पण 'लघवीला लागली' समजत नाही. असे वीस-पंचवीस शब्द बंगाली अर्थासह लिहून पलंगाजवळ लावणारे घर निवडावे. मोहरीच्या तेलातला माछेर झोल न चालणाऱ्यास रोज वेगळे काय मिळेल, तेही लिहून घ्यावे.

शेवटी करार. मासिक शुल्कात डायपर, खास आया, औषधे, डॉक्टरांची भेट धरली आहे का, अनामत किती दिवसांत परत मिळते, प्रकृती बिघडल्यास कोणत्या रुग्णालयात आणि कोणाच्या सहीने हलवतात, मृत्यूनंतर उरलेल्या रकमेचे काय होते, हे सारे कागदावर हवे. अनामत भरण्याआधी पैसे देऊन एक महिना राहून पाहण्याची मुभा मागावी. ती नाकारणारे घर यादीतून वगळावे.