मोडलंय कुणाकडचं? (लेखांक ७)

या आठवड्यात जर्दाळूवर लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढे ढकलतो, कारण कराडच्या एका शिक्षिकेचं पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न चार दिवस माझा पिच्छा सोडत नाहीये. त्या विचारतात, ‘स्वतःच्याच परागाने फळ धरणाऱ्या झाडात काहीतरी मोडलेलं असतं, असं तुम्ही लिहिलंत. मग कुक्षीवृंतातलं एस-आरएनएज मोडलंय की परागातलं एफ-बॉक्स प्रथिन, हे जनुक न तपासता कळतं का?’

आधी एक उजळणी : कुक्षीवृंत म्हणजे फुलातली पराग उतरायची नळी. तिथलं एस-आरएनएज आपल्याच एस-प्रकाराचा पराग अडवतं, आणि परागाची ती ओळख त्याच्यातल्या एफ-बॉक्स प्रथिनाकडे असते. झाडाचे एस-प्रकार दोन, पण परागाच्या एका कणात त्यातला एकच.

तर उत्तर : कळतं. परागाची अदलाबदल करून पाहायची.

जपानची निजिस्सेइकी नासपती घ्या. १८८८ साली मात्सुदो इथे एका १३ वर्षांच्या मुलाला तिचं रोप उकिरड्यावर सापडलं. नावाचा अर्थ ‘विसावं शतक’. पुढे तोत्तोरी प्रांत या फळासाठीच ओळखला जाऊ लागला. पण तिला स्वतःचा पराग चालत नाही. म्हणून तिथले बागायतदार एप्रिलमध्ये काठीला पिसांचा गोंडा बांधून फुलाफुलाला दुसऱ्या जातीचा पराग लावत फिरतात. त्याच तोत्तोरीत एक झाड असं निघालं, की कुणी गोंडा न फिरवताही ते फळांनी लगडायचं. हीच ओसा-निजिस्सेइकी.

दोघींचे एस-प्रकार एकच : एस२ आणि एस४. कळी उमलायच्या आदल्या दिवशी पाकळ्या दूर सारून चिमट्याने परागकोश खुडायचे, पराग लावायचा, वर कागदी पिशवी बांधायची. निजिस्सेइकीचा पराग ओसाच्या फुलाला लावला तर फळ धरतं. ओसाचा पराग निजिस्सेइकीच्या फुलाला लावला तर धरत नाही. म्हणजे ओसाच्या परागात काही बिघडलेलं नाही. तो अजून ओळखला जातो आणि अडवला जातो. बिघाड ओसाच्या कुक्षीवृंतात आहे. मला या प्रयोगाचं फार अप्रूप आहे. एक चिमटा आणि एक कागदी पिशवी, एवढ्यावर रेणूंच्या पातळीवरचा बिघाड कोणत्या बाजूला आहे ते सांगता येतं.

पुढे जनुकं तपासली तेव्हा तेच निघालं. एस४चं आरएनएज बनवणारं जनुकच गायब होतं, आणि त्याच्यासकट डीएनएचा २ लाख ३६ हजार अक्षरांचा तुकडा. एस२चं मात्र शाबूत. त्यामुळे ओसाच्या स्वतःच्या परागातले निम्मे कण, एस२वाले, आजही अडतात. फळ धरतं ते एस४वाल्यांच्या जोरावर. ॲनिलिन ब्लूने रंगवलेला असा कुक्षीवृंत अतिनील प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली धरला की परागनलिका चमकत्या धाग्यांसारख्या दिसतात : काही वरच वर थबकलेल्या, काही सरळ बीजांडापर्यंत उतरलेल्या. एकाच झाडाचा पराग, एकच फूल, आणि दोन वेगवेगळी नशिबं!

आता चेरी. कॅनडातल्या समरलँडहून १९६८ साली आलेली ‘स्टेला’ हिलाही स्वतःचा पराग चालतो. तिच्या जनक-रोपाचं मूळ इंग्लंडच्या जॉन इनेस संस्थेत आहे. तिथे डॅन लुईस यांनी चेरीच्या परागावर क्ष-किरण सोडले होते. स्टेलाचे प्रकार एस३ आणि एस४, आणि ‘बिंग’ या प्रसिद्ध चेरीचेही तेच. इथे निकाल नेमका उलटा लागतो. स्टेलाच्या परागाने बिंगला फळ धरतं, पण बिंगच्या परागाने स्टेलाला नाही. म्हणजे मोडलंय ते परागाकडचं. एस४च्या एफ-बॉक्स जनुकातून फक्त ४ अक्षरं गळालीत. पण अक्षरं तीन-तीनच्या गटांत वाचली जातात, त्यामुळे ४ गळताच पुढचं सगळं वाचन घसरलं आणि प्रथिन अर्धवट राहिलं. नासपतीत २ लाख ३६ हजार, चेरीत ४. झाड मात्र दोन्हीकडे एकट्यानं फळ धरणारं.

सफरचंद-नासपतीत परागाकडचं एखादं जनुक मोडून असं का भागत नाही, हा प्रश्न आता तुमच्या मनात आलाच असेल. तिथे एफ-बॉक्स जनुकांचा जथाच असतो. जर्दाळू झाला की त्याकडे वळू.

ज्यांची बाग आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवावं : बिंगशेजारी स्टेला लावली तर बिंगचं काम होतं. निजिस्सेइकीशेजारी मात्र ओसा लावून उपयोग नाही; तिथे पिसांचा गोंडा हातात घ्यावाच लागतो.