उत्तरेचा गर्भ आणि आपलं ‘नाहीतरी’

भ्रूणपेशींचा, म्हणजे भ्रूणातून काढलेल्या मूलपेशींचा, नीतिविवाद आपल्याकडे परदेशातून आला, असं सरसकट सांगितलं जातं. मला ते कधीच पटलं नाही. सौप्तिकपर्व काढून वाचा. द्रौपदीच्या पाचही मुलांना झोपेत मारून अश्वत्थामा थांबत नाही. त्याचं अस्त्र वळतं ते उत्तरेच्या गर्भाकडे. कृष्ण त्याला ३,००० वर्षं एकट्याने भटकण्याचा शाप देतो आणि दोष लावतो तो बालहत्येचा. गांधारीच्या तुपाच्या कुंभांत मूलपेशी शोधणारे विद्वान पार्ल्यापासून मुलुंडपर्यंत टाळ्या घेतात, पण उत्तरेकडे वळत नाहीत. युद्धात मरणारा निरपराध आणि गर्भातला जीव हे दोन्ही प्रश्न व्यासांनी एकाच पर्वात ठेवले, हे मी वीस वर्षं सांगत आलो आहे.

मधला इतिहास वाचकांना ठाऊक आहे. १९८६ साली केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून झालेला टेस्ट ट्यूब बाळाचा जन्म, १९९८ साली अमेरिकी संशोधक थॉमसन यांनी वेगळ्या केलेल्या मानवी भ्रूणपेशी. ९ ऑगस्ट २००१ रोजी अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बुश यांनी जाहीर केलं, की सरकारी पैसा फक्त तोवर तयार झालेल्या पेशीवंशांवरच खर्च होईल. त्या महिन्याअखेरच्या ६४ वंशांच्या यादीत सात मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसचे होते, तीन बंगळुरूच्या एनसीबीएसचे. पुढे परळच्या प्रजनन आरोग्य संस्थेनेही ‘काइंड’ नावाचे दोन वंश तयार केले.

माझ्या मनातून जात नाही तो २००६ चा जुलै. ११ तारखेच्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेवर अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड ही नावं ऐकत मी बोरिवलीच्या घरी फोन फिरवत बसलो होतो. लागत एकही नव्हता. रुळांकडेच्या झोपड्यांतली माणसं घरातल्या चादरी घेऊन धावली आणि त्यांतून जखमींना वाहून नेलं. १८० हून अधिक माणसं गेली. १९ तारखेला बुश यांनी कारकिर्दीतला पहिला नकाराधिकार वापरला तो भ्रूणपेशी संशोधनाच्या विधेयकावर. टेस्ट ट्यूब उपचारांत उरलेल्या शिल्लक भ्रूणांतून जन्मलेली बाळं त्या वेळी त्यांच्या भोवती होती. इराकमध्ये त्यांचं सैन्य तेव्हा चौथ्या वर्षात होतं. ३० तारखेला लेबनॉनमधल्या काना गावी इस्रायलचा बॉम्ब एका इमारतीवर पडला आणि आत आसऱ्याला आलेली मुलं गेली.

पाच दिवसांचा भ्रूण आणि काना गावातलं मूल यांचं मोल मी सारखं मानत नाही. पण दोन्हीकडे युक्तिवाद एकच ऐकू येतो: ‘नाहीतरी’. शिल्लक भ्रूण नाहीतरी फेकायचेच असतात. युद्धात नाहीतरी माणसं मरतातच. हेतू वाईट नव्हता, एवढं म्हटलं की झालं, असं मानणारे माझे काही जुने मित्रही आहेत. मला हेतूपेक्षा विचारणं मोठं वाटतं. भ्रूणाच्या बाबतीत विचारायला बाई समोर बसलेली असते. तिला नीट विचारलं, तिने समजून होकार दिला, तर संशोधन व्हावं, जरूर व्हावं. काना गावात विचारायला कोणी गेलंच नव्हतं.

म्हणून संमतिपत्र हा माझा ध्यास. उपनगरातल्या एका रुग्णालयाच्या नीतिसमितीवर मी अनेक वर्षं वैद्यकाबाहेरचा सदस्य होतो. तिथे प्रत्येक बैठकीत मी मराठी मसुदा मागितला आणि प्रत्येक बैठकीत तो पुढच्या बैठकीवर गेला. आयसीएमआरची मूलपेशींविषयीची मार्गदर्शक तत्त्वं २००७ साली आली, २०१३ साली त्यांच्या नावातून ‘उपचार’ हा शब्द काढला गेला, २०१७ साली ती पुन्हा सुधारली. चौदा दिवसांची मर्यादा आहे, भ्रूणाच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे. हे सगळं कागदावर चोख आहे. पूर्वी निदान भांडायला माणसं होती. आता बैठका पडद्यावर उरकतात आणि मूलपेशींनी गुडघे बरे करण्याच्या जाहिराती स्टेशनाबाहेर लागतात.

आपल्या घरातली लेक-सून टेस्ट ट्यूब बाळाच्या उपचारांना जात असेल तर तिच्यासोबत जा. शिल्लक भ्रूणांचं काय करायचं, हा रकाना तिला मराठीत वाचून दाखवायला सांगा, आणि तिचं उत्तर येईपर्यंत कोणाला सही घेऊ देऊ नका.