पुस्तकातला ‘बी.’

डी. एच. लॉरेन्सचं ‘एट्रुस्कन प्लेसेस’, इटलीतल्या प्राचीन एट्रुस्कन लोकांची थडगी पाहत केलेल्या भटकंतीचं वर्णन, पहिल्यांदा वाचलं त्याला वीस वर्षं झाली. तेव्हापासून एका अक्षराने माझा पिच्छा सोडलेला नाही : ‘बी.’ पालो स्टेशनवर उतरल्यावर चेर्वेतेरीला जायला वाहन मिळत नाही, म्हणून पाच मैलांची पायपीट करणाऱ्या दोघांतला दुसरा तो बी. वुल्चीच्या ओसाड माळावर मेणबत्तीच्या उजेडात वटवाघळांनी भरलेल्या थडग्यांत शिरतो, तोही बी. पुस्तकभर सोबत चालणाऱ्या या माणसाच्या वाट्याला पूर्ण नाव काही आलं नाही.

हा अर्ल ब्रूस्टर. 1878 साली ओहायोत जन्मलेला चित्रकार. 1910मध्ये अ‍ॅक्सा या चित्रकर्तीशी लग्न झालं, नवराबायको इटलीत आले आणि तिथे रमले. ब्रूस्टरला ध्यास बुद्धाचा. त्यापायी तो बायको-मुलीला घेऊन श्रीलंकेत कँडीजवळ जाऊन राहिला. 1922 साली लॉरेन्स पतिपत्नी त्याच्याकडे उतरली. लॉरेन्सला तिथला उकाडा सोसला नाही आणि बौद्ध विचार तर मुळीच पटला नाही. सहाएक आठवड्यांत त्याने मुक्काम हलवला. ब्रूस्टरने पुढे पाली ग्रंथांच्या आधारे बुद्धाचं चरित्र सिद्ध केलं, ते 1926मध्ये निघालं. एकाला निर्वाणाची ओढ, दुसऱ्याला रक्तामांसाच्या जगण्याची. इतका मुळातला मतभेद असलेली माणसं पुन्हा एकत्र हिंडायला निघतात, याचं मला फार मोल वाटतं. प्रत्येक वाक्याला मान डोलावणारा सोबती प्रवासात काय कामाचा?

एप्रिल 1927मध्ये दोघं निघाले. चेर्वेतेरी, तार्क्विनिया, वुल्ची, वोल्तेर्रा. लॉरेन्सची फुप्फुसं तेव्हाच पोखरलेली होती. त्याच जुलैत त्याच्या तोंडून भळाभळा रक्त गेलं. पण त्या एप्रिलमध्ये तो चालला.

याच मुलखात आधीही एक जोडी हिंडून गेली होती. लंडनच्या अबकारी खात्यात कारकुनी केलेला जॉर्ज डेनिस आणि त्याचा चित्रकार मित्र सॅम्युएल एन्सली. 1842पासून पुढची काही वर्षं हे दोघं रानात, हिवतापाच्या प्रदेशात, काट्याकुट्यांत दडलेली थडगी शोधत होते. डेनिसचा दोन खंडांचा ग्रंथ 1848मध्ये आला. लॉरेन्सने तो वाचलेला होता. सोवाना गावाजवळची खडकात कोरलेली थडगी 1843मध्ये एन्सलीला सापडली, तेव्हा डेनिस बरोबर नव्हता. तरीही डेनिसने ग्रंथात मित्राचं नाव घेऊन त्या शोधाचं श्रेय त्याला दिलं. लॉरेन्सचं गद्य डेनिसपेक्षा कितीतरी सरस आहे. पण या एका बाबतीत माझा कौल डेनिसला.

कारण ब्रूस्टरने त्या प्रवासात लॉरेन्सला एक मोठी गोष्ट दिली. ईस्टर जवळ आला होता. एका छोट्या दुकानाच्या खिडकीत खेळणं होतं : अंड्यातून बाहेर पडणारा पांढरा कोंबडा. ब्रूस्टर म्हणाला, पुनरुत्थानाच्या गोष्टीला हे नाव शोभेल, ‘द एस्केप्ड कॉक’. लॉरेन्सने घरी परतल्यावर ती गोष्ट लिहायला घेतली. थडग्यातून उठलेला, पुन्हा जगू लागलेला येशू. 1929मध्ये पॅरिसला ती पुस्तकरूपाने आली, याच नावाने. पुढच्या वर्षी लॉरेन्स गेला आणि 1931च्या लंडन आवृत्तीवर नाव आलं ‘द मॅन हू डाइड’. प्रवासवर्णनात मित्राचं एक अक्षर उरलं होतं. त्याने सुचवलेलं शीर्षकही गेलं.

ब्रूस्टरने तक्रार केलेली मला कुठे आढळली नाही. 1934मध्ये नवराबायकोने लॉरेन्सच्या आठवणी आणि पत्रं छापली, त्यात खेळण्याची हकिगत साधेपणाने येते. पुढच्याच वर्षी दोघं भारतात आली, अल्मोड्याला. तिथे तो हिमालयाची शिखरं रंगवत राहिला. 1945मध्ये अ‍ॅक्सा गेली. 1957मध्ये तोही गेला, अल्मोड्यातच.

तार्क्विनियाला मी गेलो तो एका जुन्या मित्राबरोबर. त्याने लॉरेन्स वाचलेला नव्हता. मोन्तेरोत्सीच्या टेकडीवर पायऱ्या उतरून आम्ही बिबट्यांच्या थडग्यापाशी गेलो. आता आत शिरता येत नाही. काचेच्या दाराशी उभं राहून बटण दाबायचं, थोडा वेळ दिवा लागतो. वर दोन ठिपकेदार बिबटे, खाली मेजवानीला रेललेली जोडपी. उजवीकडच्या पलंगावरच्या पुरुषाने दोन बोटांत काहीतरी उंच धरलं आहे. मित्र म्हणाला, “अंडं आहे रे ते.” लॉरेन्सनेही त्या अंड्यात पुनर्जन्मच पाहिला होता, हे मी त्याला सांगितलं आणि मग खेळण्याची, ब्रूस्टरची सगळी कथाही. दिवा विझला. अंधारातच तो म्हणाला, “म्हणजे हे अंडं पाहून पुढे गेले आणि दुकानात तेच फुटलेलं दिसलं की.”

वीस वर्षं दोन्ही अंडी माझ्यासमोर होती. ती एकमेकांशेजारी ठेवली त्याने. आपलं नाव छापू नकोस, असं त्याने बजावलं आहे आणि ते मी जड मनाने पाळतो आहे. त्याने पुन्हा बटण दाबलं.