विश्लेषण : टायटॅनियमला भोक पाडणे इतके अवघड का? अल्ट्रासॉनिक ड्रिलिंगने काय साधते?

६ जुलै १९९६. अमेरिकेतील पेन्साकोलाहून अटलांटाला निघालेले डेल्टा एअरलाइन्सचे एमडी-८८ विमान धावपट्टीवर वेग घेत होते. अचानक डाव्या इंजिनातील पंख्याचा टायटॅनियमचा हब फुटला, त्याचे तुकडे प्रवासी कक्षात घुसले आणि दोघांचा मृत्यू झाला. तपासात भेगेचा उगम सापडला तो हबमधील एका भोकात. ते पाडताना धातू इतका तापला होता की भोकाच्या भिंतीलगत त्याची अंतर्गत रचनाच बदलली. हा दोष कारखान्यातील तपासणीत सापडला नाही आणि पुढे त्यातून वाढलेली भेग विमान कंपनीच्या तपासणीतूनही निसटली. टायटॅनियमला भोक पाडण्याच्या नव्या पद्धतींचा शोध का सुरू असतो, हे यावरून कळावे.

टायटॅनियम ड्रिलला का जुमानत नाही?

विमाने, अस्थिरोपण आणि अवकाशयानांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या मिश्रधातूत टायटॅनियमसोबत ६ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असते. पोलादाच्या निम्म्याहून थोडे जास्त वजन, पण ताकद अनेक पोलादांच्या तोडीची. अडचण आहे ती उष्णतेची. साध्या पोलादाच्या तुलनेत हा मिश्रधातू उष्णता जेमतेम सातव्या हिश्शाने वाहून नेतो. पोलाद कापताना बरीचशी उष्णता चिपबरोबर निघून जाते. इथे ती ड्रिलच्या धारेपाशीच साचते. तापलेला टायटॅनियम धारेला चिकटतो आणि निघताना धारेचे टवके घेऊन जातो. शिवाय हा धातू पोलादापेक्षा लवचीक. कापताना दबतो, मग मागे येऊन ड्रिलला आवळतो. खोल भोकात लांबलचक चिप अडकली की कूलंट टोकापर्यंत पोहोचत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही, खरा धोका तोच.

अल्ट्रासॉनिक ड्रिलिंग म्हणजे काय?

इथे दोन पद्धतींची हमखास गल्लत होते. जुन्या अल्ट्रासॉनिक मशिनिंगमध्ये टूल फिरतच नाही. ते पाण्यात कालवलेल्या कठीण भुकटीवर वेगाने आपटते आणि भुकटीचे कण समोरचा पदार्थ कणाकणाने टिपतात. काच, सिरॅमिक अशा ठिसूळ पदार्थांना ही पद्धत उत्तम. चिवट टायटॅनियमपुढे ती फारच संथ पडते.

टायटॅनियमसाठी वापरतात ती पद्धत वेगळी. ड्रिल नेहमीसारखेच फिरते, पण फिरता फिरता आपल्याच अक्षावर खाली-वर थरथरते. विजेच्या दाबाने आकुंचन-प्रसरण पावणाऱ्या पिझो चकत्या हे कंपन निर्माण करतात, आणि ‘हॉर्न’ नावाचा निमुळता भाग ते मोठे करून ड्रिलपर्यंत पोहोचवतो. गंमत म्हणजे हा हॉर्न बहुधा टायटॅनियमचाच असतो! वारंवारता सेकंदाला साधारण २० हजार, म्हणजे माणसाच्या कानाच्या मर्यादेपाशी. कंपनाचा आवाका मात्र काही मायक्रॉनच, केसाच्या जाडीहून कितीतरी कमी. ड्रिल मिनिटाला ६०० फेरे घेत असेल, तर एका फेऱ्यात त्याची २ हजार कंपने होतात.

फायदा नेमका कुठे होतो?

कंपनाचा आवाका आणि ड्रिल पुढे सरकण्याचा वेग यांचा मेळ जुळला, तर धार धातूला सलग घासत राहत नाही. टेकते, सुटते, पुन्हा टेकते. त्या सुटण्याच्या क्षणात कूलंटला आत शिरायला वाट मिळते. चिप लांब वळवळत न येता तुकड्यांत सुटते आणि भोकाबाहेर पडते. ड्रिलवरचा दाब घटतो. दाब घटला की भोकाच्या पलीकडच्या तोंडाला उरणारा बरही कमी. विमानाच्या जोडणीत हा बर हाताने काढत बसावा लागतो, त्यामुळे हा फायदा वाटतो तितका किरकोळ नाही.

मग सगळीकडे हेच का नाही?

कारण मेळ जुळवणे सोपे नाही. ड्रिलची लांबी किंवा वजन बदलले की अनुनादाची वारंवारता बदलते आणि यंत्र नव्याने जुळवावे लागते. ते चुकले, तर कंपन टोकापर्यंत पोहोचतच नाही, किंवा सततच्या आघातांनी कार्बाइडच्या धारेचे टवके उडतात. खर्चही वाढतो. त्यामुळे विमान जोडणीत अनेक ठिकाणी कमी वारंवारतेच्या पण मोठ्या आवाक्याच्या कंपनांना पसंती मिळते. चिप तोडण्याचे काम त्यानेही होते.

इंजिनाच्या फिरत्या भागांत तर पद्धत कोणतीही असो, भोकाची भिंत तपासावीच लागते. रसायनाने पृष्ठभाग रंगवून बदललेली रचना शोधतात, नमुन्याचे भोक उभे चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ड्रिलिंग सुरू असताना मशीनवर पडणारा भार आणि कूलंटचा प्रवाह यांवर नजर ठेवली जाते. कूलंट मध्येच तुटला किंवा ड्रिल मोडले, तर त्या भोकाची वेगळी नोंद होते, मग ते वरून कितीही गुळगुळीत दिसो.